बेक्कीच्या छातीतला भाडेकरू

ऐका, मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे पाहू नका. निलंग्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत चंद्रप्पांचं किराणा दुकान आहे. तिथं तांदळाच्या पोत्यावर एक पांढरी-भुरकी मांजर झोपलेली असते. तिचं नाव बेक्की. तिच्या उजव्या फुप्फुसात, अगदी खालच्या बाजूला, मी राहतो.

मी पर्णकृमी. डॉक्टर लोक मला लंग फ्लूक म्हणतात. आईबापांनी काही नाव ठेवलं नव्हतं. दिसायला भिजलेल्या शेंगदाण्यासारखा, तसाच जाडसर, लालसर. तुम्ही तोंड वाकडं केलंत, ते कळलं मला. करा. तुमच्यातलेही कितीतरी दुसऱ्याच्या जिवावर जगतात आणि लग्नपत्रिकेत त्यांची नावं ठळक अक्षरात छापून येतात. मी निदान लपून तरी राहतो.

माझा जन्म सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण सांगायला बसलोच आहे तर खरं सांगतो. माझे आईबाप बसस्टँडवरच्या एका दांडगट बोक्याच्या छातीत राहायचे. बोका खोकायचा, की अंडी घशापर्यंत यायची. मांजरांना थुंकता येत नाही. त्यामुळे खोकला गिळला जायचा, आणि पुढं पोटातून फिरून अंडी मागच्या दारानं बाहेर पडायची. माझं अंडं असंच बाहेर पडलं, ते ओढ्याच्या काठावरच्या उकिरड्यावर.

हा उकिरडा गल्लीनंच घातलेला आहे. गल्ली मोठी स्वच्छ बरं का. रोज सकाळी प्रत्येक दारात सडा, सड्यावर रांगोळी. आणि झाडून काढलेलं सगळं टोपलीत भरून मागं ओढ्याच्या काठाला. एकदा तो ढीग घसरला आणि मी पाण्यात पडलो. आम्हाला पाणीच पाहिजे असतं. ज्या गल्लीनं हे एवढं केलं, तिचे आभार मानायला मला आजवर सवड मिळाली नव्हती, ते आता मानतो.

पाण्यात अंडं उकललं. अंगावर बारीक लव घेऊन मी पोहत सुटलो. लवकर गोगलगाय सापडली नाही तर आमचा तिथंच शेवट असतो. मला सापडली. शंखाएवढं घर, त्यात ती बिचारी एकटी. मी आत शिरलो आणि एकाचे शेकडो झालो. लग्न नाही, बाळंतपण नाही. त्यातला नेमका मी कोणता, हे मलाही सांगता येत नाही. पुढं आखूड शेपटी फुटली, गोगलगायीला सोडून बाहेर पडलो, आणि एका खेकड्याच्या नांगीच्या सांध्यातून त्याच्या अंगात घुसलो. तिथं मांसात स्वतःभोवती एक टणक कवच करून घेतलं आणि वाट पाहत पडून राहिलो.

खेकड्यात असतानाच मी चंद्रप्पांना पहिल्यांदा ऐकलं. ओढा स्वच्छ करायचा म्हणून बाजारातले व्यापारी काठावर जमले होते, आणि चंद्रप्पा त्यांचे पुढारी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढराशुभ्र सदरा, हातात नवा कोरा झाडू. फोटो काढणारा म्हणाला, "जरा वाकून घ्या, झाडल्यागत दिसू द्या."

"वाकलं की सदऱ्याला डाग पडतोय. असाच घे," चंद्रप्पा म्हणाले.

फोटो झाला. मग चहा झाला. मग चहाचे सगळे कागदी कप ओढ्यात आले. एक आमच्या खेकड्याच्या डोक्यावर उलटा पडला. त्यानं तो घर म्हणून ठेवून घेतला.

त्या कपातूनच बेक्कीनं त्याला ओढून काढलं.

बेक्कीबद्दल आधी सांगायला पाहिजे. चंद्रप्पांच्या बायकोनं, बसम्मांनी, तिला लहानपणी भालकीच्या माहेराहून पिशवीत घालून आणलं होतं. कानडीत मांजराला बेक्कु म्हणतात, म्हणून बेक्की. घर लिंगायताचं, स्वयंपाक शुद्ध शाकाहारी. बसम्मा त्याचा कधी गवगवा करत नसत. लिंगपूजा करायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. गवगवा चंद्रप्पा करायचे.

गिऱ्हाईक आलं की तराजू हातात धरून ते म्हणायचे, "आमच्या घरात राहून बेक्की बी शाकाहारी झालीय. दूध-भाकरीशिवाय कशाला तोंड लावत न्हाई. उंदीर समोरून गेला तरी बघत न्हाई."

"मंग दुकानात उंदीर कसे काय न्हाईत?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"पुण्याई," चंद्रप्पा म्हणाले.

तर ही पुण्यवान बेक्की खेकडा तोंडात धरून भिंतीवरून मागच्या अंगणात उतरली आणि न्हाणीच्या आडोशाला बसून त्याला कडाकडा फोडू लागली. कपडे वाळत घालायला आलेल्या दामिनीनं ते पाहिलं. दामिनी ही या घरची सून, उदगीरची. तिनं आरडाओरडा केला नाही. झाडू आणला आणि बाजूला उभी राहिली.

"खा, पण लवकर खा," ती म्हणाली. "मामांनी बघितलं तर तुला पोत्यात घालून सोडून येतील."

मामा म्हणजे तिचे सासरे. चंद्रप्पांनी तसं बजावलंच होतं, की ज्या दिवशी या घरात मांस शिरेल त्या दिवशी ते आणणारा बाहेर. दामिनीनं खेकड्याची टरफलं गोळा करून कागदात गुंडाळली. त्या सफाईवरून कळत होतं, की हे काम तिला नवं नाही.

मी तोवर बेक्कीच्या पोटात पोचलो होतो. आतड्यात कवच विरघळलं. आतड्याची भिंत पोखरून बाहेर पडलो, पोटाच्या पोकळीत भटकलो, छाती आणि पोट यांच्या मधला पडदा फोडला आणि फुप्फुसात शिरलो. हे ऐकायला क्रूर वाटतं, आणि आहेच. पण मी कधी स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतलं नाही.

फुप्फुसात मला जोडीदार मिळाला. आम्ही एकटे राहत नाही. आमच्यात प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही, त्यामुळे मुलाकडच्यांनी कुठं बसायचं आणि मुलीकडच्यांनी कुठं, हा वाद निघत नाही. बेक्कीच्या शरीरानं आमच्याभोवती एक पिशवी विणली, आम्ही त्यात संसार मांडला आणि अंडी सोडायला लागलो. शेजारी आणखी दोन जोडपी राहायला आली. कारण बेक्की काही एका खेकड्यावर थांबणारी नव्हती.

आणि बेक्की खोकायला लागली.

आता गंमत बघा. त्या घरात खोकणारे दोघं होते. दुसरा होता चंद्रप्पांचा एकुलता मुलगा, दामिनीचा नवरा, गुरुपादप्पा. मांजराचा खोकला सगळ्या गल्लीला माहीत झाला. येणारा-जाणारा इलाज सांगायचा. कुणी म्हणे केसांचा गोळा अडकला, कुणी म्हणे मिरचीची धूळ गेली. औषधाच्या दुकानातल्या माणसानं न बघताच दमा ठरवला आणि गोड औषधाची बाटली दिली. चंद्रप्पांनी बेक्कीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या बेक्कीसाठी प्रार्थना करा.'

मुलाच्या खोकल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. गुरुपादप्पाच्या खोकल्यातून गंजासारखा तांबूस कफ पडायचा. निलंग्यात दाखवलं तर बभ्रा होईल, लातुरात ओळखीचे फार, म्हणून चंद्रप्पा त्याला थेट नांदेडला घेऊन गेले. लोकांना सांगितलं, माल बघायला चाललो. तिथल्या कुठल्याशा खासगी डॉक्टरनं छातीचा फोटो पाहिला आणि टीबी म्हणून सांगितलं. कफात टीबीचे जंतू सापडले नव्हते, पण फोटोवर डाग होते. गोळ्या सुरू झाल्या. टीबीच्या गोळ्या टीबीवर चांगल्या चालतात. पण हा टीबी नव्हताच, त्याला त्या काय करणार? खोकला तसाच राहिला, आणि भूक मात्र गेली. गुरुपादप्पा वाळत चालला.

त्याचं ताट आणि पेला वेगळे ठेवले होते, तेही फडताळात मागं, पाहुण्यांना दिसू नयेत असे. दामिनीला ताकीद होती, माहेरी एक अक्षर बोलायचं नाही. ती गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा चुलीत घालायची. खेकड्याची टरफलं लपवणारी तीच, गोळ्यांची पाकिटं लपवणारी तीच. या घराची अब्रू तिच्या केरसुणीवर चालली होती.

मला मात्र गुरुपादप्पाचा खोकला ऐकल्याबरोबर ओळखू आला. तो आमच्याच घराण्याचा खोकला होता. माझे भाऊबंद त्याच्या छातीत नांदत होते. ते तिथं कसे पोचले, हे तेव्हा मला कळेना. शाकाहारी घरातला माणूस! मीही बघा, चंद्रप्पांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

एके दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या जोडप्याचं घर फुटलं. पिशवी फाटली, फुप्फुसाला भोक पडलं आणि बेक्कीच्या छातीत हवा भरायला लागली. फुप्फुस दबलं. ती पोत्यावरून खाली पडली, मान ताणून, तोंड उघडं टाकून श्वास ओढू लागली. जीभ निळी पडली.

बसम्मा धावत आल्या. "अहो, ही चाललीय! गाडी काढा!"

"मांजरासाठी लातूरला गाडी?" चंद्रप्पा म्हणाले.

"स्टेटस टाकायला मांजर, अन् मरायला लागली की मांजर न्हाई? गुरुपाद, किल्ली घे!"

गुरुपादप्पानं गाडी काढली. बसम्मांच्या मांडीवर टॉवेलात बेक्की, शेजारी दामिनी. शेवटी चंद्रप्पाही पुढच्या सीटवर येऊन बसले. वाटेत गुरुपादप्पाला खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी मुकाट्यानं गाडीच्या काचा वर केल्या. मागून बेक्की, पुढून गुरुपादप्पा. दोन्हीकडचे आम्ही गचके खात लातूरला पोचलो.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर सुकन्या म्हणून होत्या. त्यांनी बेक्कीला टेबलावर घेतलं, छातीला कान लावला आणि बरगड्यांमधून सुई घालून हवा ओढून काढली. बेक्कीनं एक मोठा श्वास घेतला. आमची पिशवी हिंदकळली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. घर पडलं तर भाडेकरू कुठं जाणार?

मग एक्स-रे झाला. गाडीत टॉवेलावर पडलेली बेक्कीची विष्ठा दामिनीनं एका डबीत घेतली होती, ती डॉक्टरीणबाईंनी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग मान वर करून विचारलं, "ही खेकडे खाते का?"

"न्हाई," चंद्रप्पा ताठ होऊन म्हणाले. "आमची बेक्की शाकाहारी हाय."

"काका, मांजर शाकाहारी नसतं."

"आमची हाय. आख्ख्या निलंग्याला विचारा."

"निलंग्याला कशाला विचारू? मी तिची विष्ठा बघितलीय. तिच्यात फुप्फुसातल्या कृमीची अंडी आहेत. हा कृमी खेकड्यातून येतो, दूध-भाकरीतून येत नाही."

ती काचेखालची अंडी माझी होती. उगाच अभिमान वाटला.

चंद्रप्पा म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये काय तरी गडबड असंल."

तेव्हा दामिनी बोलली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खाते ती खेकडे. ओढ्यातून आणती. टरफलं मीच उचलते, मामा."

"अन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही तिला सोडून आला असता."

चंद्रप्पांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते घरी जाऊन भांडा. मला एक सांगा, घरात आणखी कुणाला बरेच दिवस खोकला आहे का? कफ तांबूस पडतो का? त्याच ओढ्याचा खेकडा नीट न शिजवता कुणी खाल्ला, तर माणसालाही हाच आजार होतो. पुष्कळदा लोक त्याला टीबी समजतात."

गुरुपादप्पा दाराशी उभा होता. त्याला खोकला आला. त्यानं तो दाबला. दाबलेला खोकला जास्तच मोठा होऊन बाहेर पडला.

दामिनीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. "हाव. ह्यांना हाय."

"दामिनी!" चंद्रप्पा ओरडले.

"ओरडा, मामा. किती ओरडायचं तेवढं ओरडा. हे रोज माझ्यासमोर सुकून राहिलेत अन् मी पाकिटं जाळून राहिले. आता न्हाई जाळणार." ती गुरुपादप्पाकडे वळली. "तुम्ही सांगा. खाल्लाव का न्हाई?"

गुरुपादप्पानं रुमाल तोंडावरून काढला. त्याच्यावर गंजाचा डाग होता. "शेतात. दोस्तांसंगं. ओढ्यातले धरायचो अन् शेकोटीवर भाजायचो. वरून काळे व्हायचे, आतून कच्चेच राहायचे. लिंबू पिळून..."

"किती बार?" बसम्मांनी विचारलं.

"लई बार, आई."

चंद्रप्पा मटकन बाकावर बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं. आणि मग जे बोलले, ते ऐकून मी दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा कृमी, पण मलाही कसंतरी झालं.

"त्यापेक्षा टीबी झाला असता तरी चाललं असतं रे!"

बसम्मांनी बेक्कीवरचा हात काढला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय बोलून राहिलाव तुम्ही? लेकरू मरायला लागलंय अन् तुम्हाला खेकड्याची शरम? मी बी लिंग पूजते. तुमच्या आधीपासनं पूजते. लेकरापेक्षा मोठी अब्रू मला त्यात कधी दिसली न्हाई." मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "बाई, ह्याला कुठं न्यायचं ते सांगा. आजच नेते. अन् सगळ्यांदेखत नेते."

त्याच दिवशी गुरुपादप्पाला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बसम्मांनी चार माणसांसमोर खेकड्याची गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता. कफात अंडी सापडली. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या आणि आमच्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. बेक्कीलाही तशाच, फक्त लहान. घरी दामिनी दोघांना एकाच वेळी द्यायची. गुरुपादप्पा निमूट गिळायचा. बेक्की जिभेनं गोळी बाहेर ढकलायची, मग बसम्मा तिचा जबडा धरायच्या.

चंद्रप्पा काही दिवस दुकानात बसले नाहीत. मग बसले. आणि माणूस कसा घट्ट असतो बघा, गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमच्या बेक्कीनं पोराचा जीव वाचवला. स्वतः आजारी पडली अन् त्याची बीमारी दाखवून दिली." कशानं झाली ती बीमारी, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पाण्यातनं." एकदा दामिनी आतून मसाल्याचा डबा घेऊन आली आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "खेकड्यातनं, मामा." चंद्रप्पांनी डबा घेतला आणि गप्प वजन केलं. तेव्हापासून ते 'बीमारी' एवढंच म्हणतात. गुरुपादप्पाचं ताट इतरांच्या ताटांत आलं आहे, पण चंद्रप्पा अजून त्याच्या शेजारी जेवायला बसत नाहीत. बापाचं मन माझ्या कवचाहून टणक निघालं.

आता माझं सांगतो. पहिल्या गोळीला अंग आखडलं, दुसऱ्या गोळीला सालपट निघाल्यासारखं झालं. जोडीदार कालच गेला. पिशवीची भिंत कडक होत चालली आहे. थोड्या दिवसांनी एक्स-रेवर आमचा ठिपका तेवढा दिसेल.

तुम्हाला वाटेल, जाता जाता मी काहीतरी उपदेश करीन. खेकडा नीट शिजवा, घाण पाण्यात टाकू नका, खोकला अंगावर काढू नका, दडवू नका. हे मी कशाला सांगू? माझ्या भाऊबंदांच्या पोटावर पाय आणू? तुम्ही अब्रू सांभाळा. आमचं बरं चाललं होतं.

पण आज दुपारची एक गोष्ट सांगितल्याशिवाय जाववत नाही. दुकान जेवणापुरतं बंद होतं. गुरुपादप्पा खाटेवर उताणा पडला होता. बेक्की चढली आणि त्याच्या छातीवर पाय दुमडून बसली. माझ्या आणि माझ्या भाऊबंदांच्या मधे आता दोन कातडी आणि थोड्या बरगड्या, एवढंच अंतर होतं. मी सगळी ताकद लावून हललो. आहात का रे, म्हणून विचारलं. तिकडून काही आलं नाही. नुसता श्वास येत होता, जात होता, रुंद, मोकळा.

दारात दामिनी उभी होती. तीही कान देऊन तिकडंच ऐकत होती. बराच वेळ गेला. त्याला एकदाही खोकला आला नाही.

मला काळीज नाही, तरी माझ्या आत काहीतरी खचलं. दामिनी हातातलं फडकं तोंडाला लावून तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मी इतके दिवस या घरात राहिलो, पण सुखानं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं. येतो मी.